एकॉर्न कुठे पडतोय? व्हर्जिनियात मोसमाच्या सुरुवातीला ओकची झाडं हेरण्याची पद्धत

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी व्हर्जिनियात धनुष्यबाणाचा मोसम उघडतो, हरणासाठी आणि अस्वलासाठीही. तेव्हा डोंगरावर पानं अजून हिरवी असतात. व्हाइटटेल हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरात येतो, म्हणजे त्याला महिनाभर अवकाश असतो. नर अजून माद्यांमागे धावत नसतात, झाडांच्या खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणाही तुरळकच. या दिवसांत जनावर चालतं ते पोटासाठी. अस्वलाचं तर विचारूच नका. हिवाळ्यात ढोलीत शिरण्याआधी चरबी साठवायची म्हणून ते दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खाऊ शकतं. आणि या डोंगरांत शरदात सगळ्यात जास्त चरबी देणारं खाणं म्हणजे ओकचं फळ, एकॉर्न.

गडचिरोली-चंद्रपूरकडे वाढलेल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे अस्वल कुठल्या झाडाखाली येणार, हे फुलं वेचणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. सगळे मोह एकाच दिवशी गळत नाहीत, आणि गावाला माहीत असतं ते जंगल नव्हे, ते एक झाड. इथेही हिशोब तोच आहे. नवा माणूस ‘ओकचं जंगल’ शोधतो आणि सापडलं म्हणून खूश होतो. पण ब्लू रिजपासून ग्रेट नॉर्थ माउंटनपर्यंत जिकडे बघाल तिकडे ओकच ओक आहेत. तुम्हाला हवं असतं या वर्षी लगडलेलं, आणि या आठवड्यात गळणारं झाड. ते कसं शोधायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी कागदपत्रं

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ही परंपरा उरलेली नाही. व्हर्जिनियात ती राज्याच्या वन्यजीव खात्याच्या देखरेखीखाली, लायसन्सवर चालते. पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एखाद्या अनुभवी लायसन्सधारकाबरोबर जाणार असाल तर अप्रेंटिस लायसन्सची सोय आहे, आणि नवख्याने खरं तर तसंच सुरू करावं. मूळ लायसन्सशिवाय हरणाचं वेगळं, अस्वलाचं वेगळं, धनुष्यबाणाचं वेगळं. नॅशनल फॉरेस्टमध्ये जायचं तर तिथलं परमिट. मोसमाच्या तारखा आणि मर्यादा काउंटीगणिक (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) बदलतात, म्हणून त्या वर्षीचं नियमपुस्तक शेवटपर्यंत वाचाच.

व्हिसाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एच-वन-बी, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं हा त्या बंदीतला एक अपवाद आहे, पण अपवादाच्या भरवशावर राहण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. धनुष्याला हा फेडरल नियम लागू होत नाही. मोसमाची सुरुवात धनुष्याचीच असल्यामुळे मी नव्या मंडळींना बाण चालवायलाच शिकायला सांगतो.

जागेचंही तसंच. शेनंडोआ नॅशनल पार्कमध्ये शिकारीला पूर्ण बंदी आहे. पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरून जाताना रस्त्यालगत उभी असलेली हरणं बघून कुणी भुलू नये. जॉर्ज वॉशिंग्टन अँड जेफरसन नॅशनल फॉरेस्टमध्ये मात्र परवानगी आहे, आणि ते प्रचंड पसरलेलं आहे. डीसीच्या बाजूने निघालात तर मॅसानटन आणि ग्रेट नॉर्थ माउंटन हे त्यातले सगळ्यात जवळचे डोंगर. खासगी जमिनीवर पाय ठेवण्याआधी मालकाची परवानगी घ्या. ‘पोस्टेड’ची (म्हणजे प्रवेश बंदची) पाटी किंवा झाडांवर रंगाचे उभे पट्टे दिसले की तिथूनच मागे फिरा.

ओक ओळखायला शिका, इथे घाई नको

इथल्या ओकांचे दोन मोठे गट आहेत, आणि पुढचं सगळं गणित या दोन गटांवर उभं आहे.

पहिला गट व्हाइट ओकचा. पानाला खोल खाचा असतात, पण प्रत्येक टोक गोल. साल फिकट राखाडी, पापुद्रे सुटल्यासारखी. याचा एकॉर्न एकाच वर्षात तयार होतो: वसंतात मोहोर, शरदात फळ. पडल्या पडल्या, त्याच शरदात तो रुजायलाही लागतो. चवीला कमी तुरट. याच गटातला चेस्टनट ओक कोरड्या, खडकाळ धारांवर भेटतो. त्याच्या पानाची कड लाटालाटांची असते आणि साल काळपट, इतक्या खोल चरांची की बोट आत जातं. त्याचा एकॉर्न मोठा असतो आणि लवकर गळतो, त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या अस्वलांसाठी मोसमाच्या सुरुवातीला मी आधी याच्याकडे बघतो.

दुसरा गट रेड ओकचा: नॉर्दर्न रेड ओक, ब्लॅक ओक, स्कार्लेट ओक. यांच्या पानाच्या प्रत्येक टोकाला बारीक कुसळ असतं. एकॉर्न तयार व्हायला दोन उन्हाळे लागतात. टॅनिन जास्त, म्हणून तुरट, पण चरबीही जास्त. पडल्यावर तो रुजतो पुढच्या वसंतात, त्यामुळे हिवाळाभर जमिनीवर खाण्याजोगा राहतो.

झाडाखाली नुसतं टरफल सापडलं तरी गट ओळखता येतो. एकॉर्न फोडा आणि टरफलाच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर व्हाइट गट. मखमली लव लागली तर रेड गट. पानं नसतानासुद्धा ही खूण फसवत नाही.

हरणाला दोन्ही मिळाले तर ते आधी व्हाइट ओककडे जातं. म्हणून ऑक्टोबरात शोधायचे ते व्हाइट आणि चेस्टनट ओक. रेड ओकचं महत्त्व नोव्हेंबरपासून पुढे वाढतं. पण व्हाइट ओकचं फळ त्या वर्षी बुडालं असेल तर हा क्रम मोडतो आणि सगळी वर्दळ पहिल्या दिवसापासून रेड ओकखाली जाते.

थोडं विषयांतर करतो, कारण हे माहीत असेल तर हे डोंगर वेगळे दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या जनावरांचं मुख्य अन्न एकॉर्न नव्हतं, अमेरिकन चेस्टनट होतं (वरच्या चेस्टनट ओकहून हे झाड वेगळं). चेस्टनट उशिरा फुलायचा, त्यामुळे थंडीच्या तडाख्यातून वाचायचा, आणि जवळपास दरवर्षी भरघोस पिकायचा. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये त्याच्यावर एक बुरशी सापडली आणि पुढच्या अर्धशतकात अब्जावधी झाडं मेली. त्यांची जागा मुख्यतः ओकने घेतली. पण ओक लहरी आहे. एक वर्ष पायाखाली एकॉर्न करकरतात, दुसऱ्या वर्षी शोधून सापडत नाहीत. आज आपल्याला इतकी पाहणी करावी लागते ती यामुळे.

वसंतातली थंडी टिपून ठेवा

एप्रिल-मेमध्ये ओकला मोहोर येतो, लोंबणाऱ्या पिवळट तुऱ्यांचा. त्या दिवसांत कडक दंव पडलं तर फुलं करपतात. इथे दोन गटांतला फरक कामाला येतो. व्हाइट ओकचं त्याच शरदाचं पीक जातं, तर रेड ओकचं पुढच्या वर्षीचं, कारण त्याचे या वर्षीचे एकॉर्न गेल्या वर्षीच्याच मोहोराचे असतात. म्हणजे मे महिन्यात दंवाची बातमी वाचलीत तर व्हाइट ओकबद्दल शंका धरा आणि नकाशावर रेड ओकच्या जागांवर खूण करा.

दंव डोंगरभर सारखं बसत नाही. गार हवा रात्री उतरून दरीत साचते. दरीतले व्हाइट ओक करपलेले आणि मधल्या उतारावरचे लगडलेले, असं एकाच डोंगरावर दिसू शकतं.

स्पंजी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्याही ओकच्या मागे लागलेल्या असतात. हा पतंग 1869 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डमधून सुटला आणि तिथून पसरत गेला. जूनमध्ये उतारच्या उतार निष्पर्ण दिसले तर त्या भागातल्या झाडांकडून फळाची अपेक्षा धरू नका. पानं पुन्हा फुटतात, पण झाडाची ताकद त्यातच संपते.

नकाशा

हे घरबसल्या होतं. ऑनएक्ससारखं अ‍ॅप किंवा कुठलाही उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घ्या. उतारावर जिथे रेषा विरळ होतात, म्हणजे सपाट टप्पा आहे, तिथे खूण करा. दोन शिखरांमधली खिंड, धारेचं टोक, जुन्या शेताची कड, याही जागा घ्या. टप्प्यावर माती खोल असते, ओक चांगले वाढतात, आणि जनावरही आडवं चालताना तोच सोपा रस्ता धरतं. उत्तर-पूर्वेच्या ओलसर उतारावर नॉर्दर्न रेड ओक जास्त, दक्षिण-पश्चिमेच्या कोरड्या धारांवर चेस्टनट ओक, खालच्या सौम्य उतारांवर व्हाइट ओक, असा साधारण ठोकताळा आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा उपग्रह फोटो मिळाला तर फारच उत्तम: मेपल आणि पॉप्लर उघडे पडलेले असतात आणि तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात, ते बहुतेक ओक.

ऑगस्ट: मान वर

ही पायरी लोक टाळतात, आणि निकाल याच पायरीवर लागतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर दुर्बीण घेऊन हिंडा. 8 किंवा 10 पटीची साधी दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी घ्या आणि झाडाच्या वरच्या, उन्हातल्या फांद्या बघा. फळ तिथे जास्त धरतं. खालच्या सावलीतल्या फांद्या बघून झाड नापास करू नका.

वन्यजीव संशोधक वापरतात ती एक पद्धत सोपी आहे. झाडाच्या एका भागावर दुर्बीण रोखून 15 सेकंदांत दिसतील तेवढे एकॉर्न मोजायचे, मग दुसऱ्या भागावर 15 सेकंद, आणि दोन्हींची बेरीज. आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, पण वीस झाडं अशी मोजलीत की कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं हे लख्ख कळतं. अ‍ॅपमध्ये झाडाची खूण, त्याचा गट आणि आकडा, एवढंच लिहा.

झाडं कशी निवडावीत? खोड कवेत न मावणारं, माथा रुंद, आणि निदान एका बाजूने ऊन. ओक पन्नाशीच्या आसपास पोचल्यावरच खरं पीक देऊ लागतो, तेव्हा बारीक खोडांच्या दाट राईत वेळ घालवू नका. आणि हे ध्यानात ठेवा: शेजारी शेजारी, एकाच मातीतल्या दोन सारख्या झाडांपैकी एक वर्षानुवर्षं भरभरून देतं आणि दुसरं कधीच देत नाही. तो त्या झाडाचा स्वभाव असतो. अशी देणारी झाडं सापडली की ती तुमची ठेव.

रेड ओक बघताना फांदीवरची जागा बघा. मोठे होत चाललेले एकॉर्न गेल्या वर्षीच्या काडीवर असतात. त्याच फांदीच्या शेंड्याला, या वर्षीच्या हिरव्या काडीवर, ज्वारीच्या दाण्याएवढे बारके कोंब चिकटलेले दिसतात. ते पुढच्या वर्षीचे. म्हणजे एकाच फांदीवर दोन वर्षांचा अंदाज मिळतो.

सप्टेंबर: आता जमीन

पहिले पडलेले एकॉर्न बघून हुरळू नका. ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या सुरुवातीला जे पडतात त्यातले बरेच किडलेले असतात. सोंडकिड्याची मादी उन्हाळ्यात एकॉर्नला भोक पाडून आत अंडी घालते, अळी गर खाते आणि फळ गळाल्यावर बाहेर पडून मातीत शिरते. बाजूला गोल, स्वच्छ, साधारण 3 मिलिमीटरचं भोक दिसलं तर अळी निघून गेलेली आहे. टोपी घट्ट चिकटलेली असतानाच पडलेलं फळही बहुधा कच्चं किंवा किडकं. शंका असेल तर मूठभर एकॉर्न बाटलीतल्या पाण्यात टाका: तरंगले ते पोकळ, बुडाले ते भरीव. चांगला पिकलेला एकॉर्न टोपी सोडून पडतो, आणि त्याला अजून ओलसर तकाकी असते.

मग प्रश्न उरतो की खातंय कोण. खार बसून कुरतडते आणि ओंडक्यावर किंवा दगडावर बारीक तुकड्यांचा ढीग सोडते. टर्की पाचोळा उकरून लांबच लांब पट्टे पाडतात. हरीण एकॉर्न तोंडात घेऊन फोडतं, आणि टरफलाचे मोठे, चेपलेले तुकडे जमिनीवर राहतात. त्या तुकड्यांची आतली बाजू पांढरी-पिवळी असेल तर ते आजचंच काम, तपकिरी पडली असेल तर जुनं. हरणाच्या काळ्या, ओल्या लेंड्या आणि दबलेला पाचोळा जोडीला असेल, तर ते झाड सध्या चालू आहे.

अस्वल मात्र फळ पडण्याची वाटच बघत नाही. सप्टेंबरमध्ये ते झाडावर चढतं, फांद्या स्वतःकडे ओढून मोडतं आणि तिथेच बसून खातं. म्हणून माथ्याकडे बघा: हिरव्या झाडात वाळलेल्या तपकिरी पानांचे लोंबते झुबके दिसले आणि खाली जाड फांद्या पडलेल्या असतील, तर ते वाऱ्याचं काम नाही. खोडावर नखांच्या खुणा शोधा. ताज्या खुणा फिकट आणि धारदार, जुन्या काळ्या पडून रुंदावलेल्या. विष्ठाही बोलते. ऑगस्टमध्ये तीत ब्लॅक चेरीच्या बिया भरलेल्या असतात. ती जाडीभरडी, तपकिरी, टरफलांच्या कणांची झाली की समजा, अस्वल एकॉर्नवर आलं.

आणि ऐका. वारा नसलेल्या सकाळी अर्धा तास शांत बसलात तर एकॉर्न पाचोळ्यावर पडल्याचा टप् टप् आवाज येतो. कुठल्या बाजूने जास्त येतो तिकडे जा. वादळी रात्रीनंतरची सकाळ यासाठी सोडू नये.

एक सूचना: खुणांचा अर्थ त्या वर्षीच्या पिकावरून लावा. भरघोस वर्षी खाणं सगळीकडे असतं, जनावरं विखुरतात आणि एका झाडाखाली कुणी टिकत नाही. तेव्हा पाण्याजवळच्या किंवा दाट झुडपांजवळच्या झाडांना पसंती द्या. टंचाईच्या वर्षी पाहणी जास्त करावी लागते, पण मोजकी भरलेली झाडं सापडली तर डोंगरातली सगळी वर्दळ तिथेच असते. मला स्वतःला टंचाईचं वर्ष जास्त आवडतं, कारण ऑगस्टमध्ये केलेल्या पायपिटीचं तेव्हाच चीज होतं.

बसायचं कुठे

झाडाच्या बुंध्याशी बसू नका. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, साधारण 20 यार्डांवर, आणि जनावराच्या येण्याच्या वाटेत न येता. डोंगरात हवेला रोजची चाल असते: ऊन तापलं की ती उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून सकाळच्या बैठकीला झाडाच्या वर, संध्याकाळी झाडाच्या खाली. अस्वलाच्या नाकापुढे कुठलाही फवारा चालत नाही, वाराच सांभाळावा लागतो. मोसमाच्या आधीच्या आठवड्यात त्या झाडाखाली पुन्हा पुन्हा फिरू नका. दुर्बिणीने लांबून खात्री करा.

ट्री स्टँडवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावर चढणार असाल तर पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस पाय जमिनीवर असतानाच घाला आणि पुन्हा जमिनीवर येईपर्यंत काढू नका. यात तडजोड नाही. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, कारण गोचिडांतून लाइम रोग होतो, आणि घरी आल्यावर अंग तपासा. खडकाळ धारांवर सप्टेंबरात रॅटलस्नेक ऊन खात असतात. ओंडक्यापलीकडे पाय टाकण्याआधी बघा.

दुसरीकडून एकॉर्न गोळा करून आपल्या स्टँडपुढे ओतायचा मोह कुणाला झाला तर ते आमिष ठरतं, आणि व्हर्जिनियात आमिषावर शिकार बेकायदा आहे. झाडाने स्वतः टाकलेलं फळ चालतं. पिल्लं सोबत असलेली अस्वलाची मादी मारायची नाही, 100 पौंडांखालचं अस्वलही नाही. झाडाखाली एकटं अस्वल आलं तरी थांबा, पिल्लं मागून येतात किंवा वर झाडावर असतात. शंका राहिली तर बाण सोडू नका.

जनावर मिळालं तर

ऑक्टोबरची सुरुवात उबदार असते, मांस तासांत खराब होतं. ताबडतोब पोट साफ करा, कातडं काढा आणि गाडीत बर्फ भरलेला कूलर आधीच ठेवा. उंचावरून एकट्याने अस्वल उतरवणं अशक्यप्राय आहे, तेव्हा मदतीला कोण येणार हे बाण सोडण्याआधी ठरलेलं हवं. शिकारीची नोंद खात्याकडे करणं सक्तीचं आहे. हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग व्हर्जिनियात 2009 मध्ये फ्रेडरिक काउंटीत पहिल्यांदा सापडला, आणि तेव्हापासून काही काउंट्यांतून अख्खं धड बाहेर न्यायला निर्बंध आहेत. तुमच्या काउंटीचा नियम आधी बघा. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा परजीवी असू शकतो, म्हणून ते आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला शिजलंच पाहिजे. रश्श्यात तासभर मंद आचेवर उकळणारी आपली पद्धत त्याला छान जमते, आणि चरबी आधी काढून टाकली तर उग्र वासही राहत नाही.

मोसम संपला की नकाशा पुन्हा उघडा. कुठल्या झाडाने दिलं, कुठल्याने नाही, एकॉर्न कुठल्या तारखेला गळू लागले, खाली काय दिसलं, हे प्रत्येक खुणेपुढे लिहा. ऑगस्टमध्ये ज्या रेड ओकच्या हिरव्या शेंड्यांना बारके कोंब दिसले होते, त्यांना वेगळा रंग द्या आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पाहणीची सुरुवात त्यांच्यापासून करा.